संगणकावरील गृहपाठ : जमा आणि नावे

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



महाविद्यालयात शिकणारा मुलगा किंवा मुलगी रात्री अकरा वाजता संगणकासमोर बसलेली दिसली, की घरातील वडीलधाऱ्यांच्या मनात एक शंका हटकून येते. हा अभ्यास चालला आहे की आणखी काही? पूर्वी वही उघडून पाहता येत असे. अक्षर कसे आहे, खाडाखोड किती झाली आहे, सरांची लाल शाई कुठे पडली आहे, एवढ्यावरून फारसे न शिकलेल्या आईलाही मुलाच्या अभ्यासाचा अंदाज येई. आता वहीच दिसत नाही. पडद्यावर एक प्रश्न, त्याखाली एक चौकोन, चौकोनात लिहिलेली एक संख्या आणि शेजारी हिरवी खूण अथवा लाल फुली, एवढाच काय तो गृहपाठ.

ही पद्धत मुळात अमेरिकेतील महाविद्यालयांची आहे. तेथे ती रुजून पाव शतकाहून अधिक काळ लोटला. आपल्याकडे २०२०च्या टाळेबंदीत तिची ओळख घरोघरी झाली, आणि आपल्या समाजातील जी मुले पदवीसाठी परदेशी जातात त्यांची तर पहिल्याच आठवड्यात तिच्याशी गाठ पडते. सबब तिचा जमाखर्च तेथील अनुभवावरून मांडणेच उचित ठरेल. तेथे ही पद्धत जुनी आहे, तिच्यावर पैसा मोठा लागला आहे आणि तिची तपासणीही प्रामाणिकपणे झाली आहे.

यंत्राकडून शिक्षण देण्याची कल्पना काही आजची नव्हे. इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर यांनी १९६० साली ‘प्लेटो’ नावाची संगणकीय अध्यापन प्रणाली सुरू केली. परंतु महाविद्यालयाच्या नित्याच्या गृहपाठात संगणक शिरला तो १९९०च्या दशकात. मिशिगन स्टेट विद्यापीठात १९९२ साली ‘कापा’ ही प्रणाली आली. रोचेस्टर विद्यापीठात मायकेल गेज आणि अरनॉल्ड पायझर या दोन गणिताच्या प्राध्यापकांनी त्या दशकाच्या मध्यास ‘वेबवर्क’ उभारले. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातून १९९७ साली ‘वेबअसाइन’ निघाले. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या सर्व प्रणाली व्यापाऱ्यांनी नव्हे तर शिक्षकांनी जन्माला घातल्या. व्यापार मागाहून आला.

शिक्षकांना ही गरज का भासली? अमेरिकेतील मोठ्या सरकारी विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या गणिताच्या किंवा भौतिकशास्त्राच्या एका वर्गात दोनशे-तीनशे विद्यार्थी बसतात. प्रत्येकाने आठवड्याला दहा उदाहरणे सोडवली तर दोन-तीन हजार उत्तरे होतात. ती तपासण्यासाठी वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना तासाप्रमाणे मजुरी देऊन बसवावे लागे. तेही दहापैकी दोन-तीन उदाहरणे निवडून तपासत, आणि कागद परत मिळेपर्यंत वर्ग पुढच्या प्रकरणावर गेलेला असे. चूक कळेपर्यंत ती करणाऱ्यास आपण तेथे काय विचार केला होता याचेही स्मरण उरत नसे.

संगणकाने या दुखण्यावर नेमका उपाय केला. विद्यार्थ्याने उत्तर लिहिले की त्याच क्षणी ते बरोबर आहे की चूक हे कळते. चुकले तर पुन्हा प्रयत्न करता येतो. किती वेळा, ते शिक्षक ठरवतो. शिवाय प्रश्न तोच असला तरी आकडे प्रत्येकाचे निराळे. एकाला मुद्दल १२,००० आणि व्याजाचा दर ८ टक्के, तर शेजाऱ्याला मुद्दल १५,५०० आणि दर साडेसात टक्के. त्यामुळे मित्राचे उत्तर जसेच्या तसे उतरवून भागत नाही. निदान त्याची रीत तरी समजून घ्यावी लागते. आणि शिक्षकाला सकाळी वर्गात पाऊल ठेवण्यापूर्वीच दिसते की तिसरे उदाहरण निम्म्या वर्गाला जमलेले नाही. मग तो तेथूनच सुरुवात करतो. जमेच्या बाजूस मांडावयाची ही रक्कम लहान नव्हे. नोकरी सांभाळून शिकणारा विद्यार्थी रात्री एक वाजता उदाहरण सोडवायला बसला तरी त्याला तपासणारा जागा असतो, हे पूर्वीच्या कोणत्याही व्यवस्थेला साधलेले नव्हते.

पण विद्यार्थी त्यामुळे अधिक शिकतो काय? या प्रश्नाचे एक नेमस्त उत्तर ज्या विद्यापीठात वेबअसाइनचा जन्म झाला तेथूनच आले. तेथील संशोधकांनी संगणकावर गृहपाठ करणाऱ्या आणि कागदावर करून हाताने तपासून घेणाऱ्या विद्यार्थ्यांची तुलना केली व ती २००३ साली प्रसिद्ध केली. परीक्षेतील कामगिरीत लक्षणीय फरक आढळला नाही. या निष्कर्षाचे दोन अर्थ निघतात आणि दोन्ही खरे आहेत. संगणकाने विद्यार्थ्याचे नुकसान केले नाही, हा एक. आणि जेथे माणूस खरोखर वही तपासत होता तेथे संगणकाने अधिक काही दिले नाही, हा दुसरा. जेथे कोणीच तपासत नव्हते तेथे मात्र यंत्राची तपासणी ही काहीच नसण्यापेक्षा उघडच बरी.

या संदर्भात व्हर्जिनिया टेक विद्यापीठाची हकीकत मोठी बोधप्रद आहे. ब्लॅक्सबर्ग गावात विद्यापीठाजवळ एक मोठे दुकान रिकामे पडले होते. कापडचोपडापासून घरगुती सामानापर्यंत सर्व काही एका छताखाली विकणारे, तिकडे ज्याला डिपार्टमेंट स्टोअर म्हणतात तसले. विद्यापीठाने १९९७ साली त्या जागेत पाचशेहून अधिक संगणक मांडले आणि नाव ठेवले ‘मॅथ एम्पोरियम’, म्हणजे गणिताचे भांडार. पहिल्या वर्षाच्या गणिताच्या अनेक विषयांचे नेहमीचे तास बंद करून विद्यार्थ्यांना तेथे पाठवण्यात आले. आपापल्या सवडीने यावे, पडद्यावर धडा वाचावा, उदाहरणे सोडवावीत, सराव परीक्षा द्यावी. खर्च वाचला, विद्यार्थी उत्तीर्णही होऊ लागले, आणि इतर अनेक महाविद्यालयांनी हा नमुना उचलला.

हे सारे ऐकताना वाटते की तेथे माणसाची गरजच संपली असेल. परंतु तेथील प्रत्येक संगणकाजवळ एक लाल रंगाचा प्लास्टिकचा पेला ठेवलेला असे. विद्यार्थी अडला की त्याने तो पेला संगणकाच्या डोक्यावर ठेवायचा. तो लाल पेला दुरून पाहून फिरता मदतनीस, कधी वरच्या वर्गातील विद्यार्थी तर कधी प्राध्यापक, त्याच्यापाशी येऊन बसे व अडचण सोडवी. लक्षावधी डॉलरच्या यंत्रणेत सर्वांत स्वस्त वस्तू हा पेलाच होता, आणि ज्यांनी या भांडाराचा नमुना उचलला त्यांतील काहींनी संगणक तेवढे मांडले. पेल्याच्या हाकेला येणाऱ्या माणसांचा पगार अंदाजपत्रकात धरण्याचे मात्र राहून गेले.

आता नावेची बाजू पाहू. येथे थोडे विस्ताराने बोलणे भाग आहे; कारण खर्च नाहीसा झाला असे जेथे सांगितले जाते, तेथे तो बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यावर टाकलेला असतो.

शिक्षकांनी उभारलेल्या यांपैकी काही प्रणाली आजही विनामूल्य आहेत. वेबवर्क आहे; डेव्हिड लिपमन या वॉशिंग्टन राज्यातील कम्युनिटी कॉलेजच्या प्राध्यापकाने उभारलेले ‘मायओपनमॅथ’ही आहे. परंतु बाजारपेठ मोठ्या पाठ्यपुस्तक कंपन्यांच्या हाती गेली. पिअर्सनचे ‘मायमॅथलॅब’, मॅकग्रॉ-हिलचे ‘कनेक्ट’ आणि ‘अ‍ॅलेक्स’ ही त्यांतील ठळक नावे. वेबअसाइनदेखील २०१६ साली सेंगेज या प्रकाशन कंपनीने विकत घेतले. या कंपन्यांची प्रणाली वापरण्यासाठी विद्यार्थ्याला ‘अ‍ॅक्सेस कोड’, म्हणजे अक्षरे आणि आकडे यांची एक सांकेतिक ओळ, विकत घ्यावी लागते. अमेरिकेतील विद्यार्थ्यांच्या एका ग्राहक संघटनेने २०१६ साली केलेल्या पाहणीत महाविद्यालयीन दुकानांतील या कोडची सरासरी किंमत सुमारे १०० डॉलर आढळली. त्या वेळच्या दराने हे साडेसहा हजार रुपयांहून अधिक होतात, आणि ते केवळ एका विषयाचे.

आपल्याकडील विद्यार्थ्यांस ठाऊक आहे की पाठ्यपुस्तक महाग असले तरी त्याला मार्ग असतो. पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुने पुस्तक मिळते. वरच्या वर्गातील मुलाकडून अर्ध्या किमतीत घेता येते. ग्रंथालयातून आणता येते. दोघांत एक वापरता येते. अमेरिकेतही जुन्या पुस्तकांचा मोठा बाजार होता. कोड आला आणि हे सर्व मार्ग एकदम बंद झाले. कोड एकदाच वापरता येतो, एकाच विद्यार्थ्याच्या नावे नोंदला जातो आणि ठरावीक मुदत संपली की निरुपयोगी होतो. तो विकता येत नाही, उसना देता येत नाही, धाकट्या भावासाठी जपून ठेवता येत नाही. व्यापाराच्या दृष्टीने पाहता पाठ्यपुस्तक कंपन्यांना शंभर वर्षांत न सुटलेला जुन्या पुस्तकांचा प्रश्न त्यांनी या युक्तीने कायमचा सोडवला, हे मान्य करावे लागेल. हुशारी आहेच. ती कोणाच्या खर्चाने आहे, एवढेच पाहावयाचे.

आणि हा कोड म्हणजे काही ऐच्छिक पूरक साहित्य नव्हे. गृहपाठाला एकूण गुणांपैकी दहा, पंधरा, वीस टक्के गुण असतील आणि गृहपाठ त्या प्रणालीखेरीज अन्यत्र जमा करताच येत नसेल, तर ज्याने कोड घेतला नाही त्याने ते गुण गमावलेच म्हणून समजावे. पुस्तक नसलेला गरीब विद्यार्थी कष्टाने पहिला आल्याच्या कथा आपण सर्वांनी ऐकल्या आहेत. येथे बुद्धी असून आणि कष्टाची तयारी असूनही दारातच अडवणूक होते. बऱ्याच कंपन्या सुरुवातीस दोन आठवड्यांची तात्पुरती मुभा देतात, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु ज्याची शिष्यवृत्तीची रक्कम तिसऱ्या आठवड्यात येते त्याचे काय, हा प्रश्न उरतोच.

येथे जमाखर्च नीट मांडून पाहावा. वही तपासणाऱ्याची मजुरी पूर्वी विभाग देत असे. कोड आल्यावर विभागाची मजुरी वाचली आणि तेच काम विद्यार्थ्याच्या पैशाने होऊ लागले. विद्यार्थ्याचे शिक्षणशुल्क मात्र त्या प्रमाणात उतरल्याचे ऐकिवात नाही. प्राध्यापक प्रणाली निवडतो पण पैसे देत नाही. विद्यार्थी पैसे देतो पण निवडू शकत नाही. ज्या बाजारात घेणारा एक आणि पैसे मोजणारा दुसरा, तेथे भाव उतरत नसतात. हे समजण्यासाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

पैशाचा भाग येथेच सोडू. त्याहून गंभीर अशी एक गोष्ट आहे आणि ती वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना लवकर पटेल. हिशेबात तेरीज जुळली म्हणजे वह्या बरोबर आहेत असे सिद्ध होत नाही. रोजकीर्दीत ५,४०० ऐवजी ४,५०० लिहिले गेले आणि दोन्ही खात्यांवर तीच चुकीची रक्कम चढली, तर तेरीज बिनतक्रार जुळते. यंत्र खरेदी मालखरेदीच्या खात्यात घातली तरीही जुळते. नफा मात्र खोटा निघतो. दोन चुका एकमेकींना झाकून टाकतात तेव्हाही जुळते. म्हणून जुना दिवाणजी तेरीज जुळल्यावरही वह्या चाळत असे. संगणकीय गृहपाठ पुष्कळदा केवळ तेरीज पाहतो. शेवटची संख्या बरोबर आली, हिरवी खूण झाली, की संपले. विद्यार्थी अंदाजाने आला काय, पर्याय एकामागून एक दाबत आला काय, की चुकीच्या रीतीने योगायोगाने आला, हे त्याला दिसत नाही.

याच्या उलट प्रकारही घडतो आणि तो अधिक जिव्हारी लागतो. अंतिम लेख्यांच्या उदाहरणात सुरुवातीस एक रक्कम चुकली तर पुढील ढोबळ नफा, निव्वळ नफा, भांडवल, ताळेबंदाची बेरीज, सारेच बदलते. अनुभवी परीक्षक एक गुण कापतो आणि पुढील कृती योग्य म्हणून बाकीचे गुण देतो. साध्या प्रणालीत मात्र सगळेच चौकोन लाल होतात. तासभर मन लावून काम केलेल्या विद्यार्थ्याला आपल्याला काहीच येत नाही असे वाटू लागते. वास्तविक त्याला सर्व येत असते, एक आकडा सोडून. गणितात तर कंस राहिला किंवा भागाकाराची खूण जागा चुकली तरी बरोबर उत्तर चूक ठरते. मग रात्रीचे दोन वाजता तो गणिताशी झगडत नसतो, लिहिण्याच्या यंत्रमान्य पद्धतीशी झगडत असतो. या उणिवेवर इलाज शोधण्याचे प्रयत्न झाले आहेत. ख्रिस सँगविन यांनी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात असताना विकसित केलेली ‘स्टॅक’ ही विनामूल्य प्रणाली उत्तर केवळ बरोबर की चूक एवढेच न पाहता, ते कोणत्या प्रकारे चुकले आहे हे ओळखून त्याप्रमाणे सूचना देऊ शकते. परंतु त्यासाठी विद्यार्थी कुठे कुठे चुकतात हे शिक्षकाने आधी बसून विचारपूर्वक भरावे लागते. म्हणजे श्रम पुन्हा माणसाकडेच आले.

यानंतरची बाब नक्कल करण्याची. नक्कल संगणकाने शोधून काढली असे कोणी समजू नये. आपल्याकडील विज्ञान शाखेत मागच्या वर्षीच्या मुलाचे जर्नल रात्रभर बसून उतरवण्याची परंपरा किती जुनी आहे हे येथे बसलेल्या कित्येक डॉक्टर-इंजिनिअरांना स्मरत असेल. त्यांचे हसूच ते सांगत आहे. फरक एवढाच की उतरवताना हात तरी दुखत असे. संगणकाने नक्कल बिनश्रमाची केली, आणि गंमत अशी की ती मोजताही येऊ लागली.

एमआयटी या प्रख्यात संस्थेत डेव्हिड प्रिचर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भौतिकशास्त्राच्या गृहपाठाच्या नोंदी तपासल्या. प्रश्न उघडल्यापासून उत्तर किती वेळात आले हे संगणक नोंदवतो. जे उदाहरण वाचायलाच मिनिट लागते त्याचे अचूक उत्तर त्याहून कमी वेळात आले, तर ते कुठून आले हे उघड आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात आढळले की बहुसंख्य विद्यार्थी फारशी नक्कल करीत नव्हते. ते मुदतीपूर्वीचे तीन दिवस थोडे थोडे काम करीत होते. नक्कल करणारे अखेरच्या घटकेपर्यंत वाट पाहत. आणि ज्या प्रकारच्या उदाहरणांची त्यांनी नक्कल केली होती, तशाच उदाहरणांत परीक्षेच्या वेळी ते सत्र पुढे सरकेल तसतसे मागे पडत गेले.

त्याहून विचार करायला लावणारे आकडे रटगर्स विद्यापीठातून आले. अरनॉल्ड ग्लास आणि मेंगश्वे कांग यांनी अकरा वर्षांच्या, बारा अभ्यासक्रमांतील २,४३३ विद्यार्थ्यांच्या गृहपाठाची परीक्षेशी तुलना केली. ती २०२० साली प्रसिद्ध झाली. गृहपाठापेक्षा परीक्षेत कमी गुण मिळवणारे विद्यार्थी २००८ साली १४ टक्के होते. २०१७ साली ते ५५ टक्के झाले. शिक्षक तोच, पद्धत तीच. मधल्या काळात हातोहाती स्मार्टफोन आला आणि प्रश्न टाकताच उत्तर समोर येऊ लागले. विद्यार्थी स्वतः उत्तर तयार करण्याऐवजी तयार उत्तर लिहू लागला. कापड पहिल्या धुण्यात रंग सोडते तसे हे गुण परीक्षेत उतरले. त्या ५५ टक्क्यांतील बहुतेक मुले लबाड होती असे मानण्याचे कारण नाही. उत्तर वाचले की आपल्याला समजले असे त्यांना मनापासून वाटत असणार. मोठ्या माणसांचेही असेच होते.

या उत्तरांचाही बाजार झाला. ‘चेग’ ही कंपनी प्रथम पाठ्यपुस्तके भाड्याने देत असे. पुढे महिन्याला सुमारे १५ डॉलर घेऊन ती गृहपाठातील प्रश्नांची सोडवलेली उत्तरे पुरवू लागली. ही उत्तरे लिहीत कोण होते? ‘फोर्ब्स’ नियतकालिकाने जानेवारी २०२१ मध्ये दिलेल्या वृत्तानुसार कंपनीच्या यादीवर भारतातील सत्तर हजारांहून अधिक उच्चशिक्षित तज्ज्ञ होते. म्हणजे अमेरिकेतील विद्यार्थ्याचा गृहपाठ भारतातील कोणी पदवीधर रात्री बसून सोडवत होता, आणि त्याला त्याचे प्रत्येक उत्तरामागे मोल मिळत होते. शिकत कोण होते, असे विचारल्यास भारतातील तो पदवीधर, असे म्हणावे लागेल. विद्यार्थी मात्र दोन्हीकडे पैसे मोजत होता. एका कंपनीकडून कुलूप विकत घ्यायचे आणि दुसरीकडून किल्ली. सप्टेंबर २०२१ मध्ये पिअर्सनने आपल्या पुस्तकांतील प्रश्नांची उत्तरे विकल्याबद्दल चेगवर खटला भरला. कुलूपवाला आणि किल्लीवाला यांचे भांडण न्यायालयात गेले. ते भांडणही लवकरच शिळे झाले. नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘चॅटजीपीटी’ आले आणि किल्ली फुकट मिळू लागली. चेगचा जो शेअर २०२१च्या आरंभी १०० डॉलरच्या वर होता तो २ मे २०२३ रोजी एका दिवसात जवळजवळ निम्म्यावर आला आणि २०२४च्या अखेरीस दोन डॉलरच्या आसपास घुटमळत होता.

आज स्थिती अशी की घरी संगणकावर केलेल्या गृहपाठाचे उत्तर विद्यार्थ्याचे आहे की यंत्राचे, हे खात्रीने सांगता येत नाही. प्रश्नही यंत्राने निवडलेला, उत्तरही यंत्राचे, तपासणारेही यंत्र. विद्यार्थ्याचा वाटा दोहोंमध्ये मजकूर वाहून नेण्याचा. अमेरिकेतील कित्येक प्राध्यापक पुन्हा वर्गात बसवून कागदावर परीक्षा घेऊ लागले आहेत, आणि निळ्या मुखपृष्ठाच्या जुन्या उत्तरपुस्तिकांची मागणी काही विद्यापीठांत झपाट्याने वाढल्याचे २०२५ साली तेथील वृत्तपत्रांनी छापले.

आपल्याकडे या बाबतीत एक व्यवस्था बरीच विचारपूर्वक आखलेली आहे, तिचा उल्लेख केला नाही तर अन्याय होईल. भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ साली सुरू केलेल्या ‘एनपीटीईएल’ या उपक्रमात २०१४पासून प्रमाणपत्राचे अभ्यासक्रम चालतात. अभ्यासक्रम पाहण्यास व गृहपाठ करण्यास शुल्क नाही. प्रमाणपत्र हवे असणाऱ्यानेच परीक्षेचे माफक शुल्क भरावयाचे. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात दर आठवड्याचा गृहपाठ संगणकावर होतो, त्यातील उत्तम आठ धरले जातात आणि त्यांना १०० पैकी केवळ २५ गुण असतात. उरलेले ७५ गुण परीक्षा केंद्रावर जाऊन, पर्यवेक्षकासमोर बसून मिळवावे लागतात, आणि उत्तीर्ण होण्यास दोन्हीकडे स्वतंत्र किमान गुण लागतात. या गृहपाठांची उत्तरेही यूट्यूब व टेलिग्रामवर फिरतात, हे उघड गुपित आहे. पण पंचवीस गुणांच्या लोभाने ती उतरवणारा केंद्रावर उघडा पडतो. ‘स्वयम्’च्या माध्यमातून यांतील पुष्कळ अभ्यासक्रमांचे श्रेयांक आता महाविद्यालयीन पदवीत धरले जातात, २०२१च्या नियमांनुसार विद्यापीठ एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रमांना ही मुभा देऊ शकते. त्यामुळे हा प्रश्न यापुढे केवळ परदेशी जाणाऱ्यांचा राहिलेला नाही. लाल पेल्याची सोय मात्र यातही दुबळीच आहे. शंका विचारण्यास चर्चेचे पान असते, उत्तरही येते. पण शेजारी येऊन बसणारे कोणी नसते. ते काम स्थानिक महाविद्यालयातील शिक्षकाने करावे अशी अपेक्षा आहे, आणि काही ठिकाणी तो ते निष्ठेने करतो.

ज्या घरांतून या वर्षी मुले महाविद्यालयात, विशेषतः परदेशी जावयाची आहेत, त्यांनी प्रवेशाचे शुल्क विचारतात तशीच आणखी काही चौकशी आधी करावी. या विषयात गृहपाठासाठी कोड विकत घ्यावा लागतो काय आणि त्याची किंमत किती? अमेरिकेत २००८च्या कायद्यान्वये पाठ्यपुस्तके व पूरक साहित्य यांची किंमत शक्यतो विषय निवडतानाच दाखवावी लागते. २०१०पासून हा नियम लागू आहे, तेव्हा विचारण्यात संकोच नसावा. गृहपाठाला एकंदर किती टक्के गुण आहेत? ते पाच-दहा टक्के असतील तर मुलाने चुकत-माकत स्वतः सोडवण्याचे धाडस करावे, कारण चुकण्याची किंमत थोडी आहे. आणि पडद्यावर केवळ उत्तर लिहायचे असले तरी कृती वहीत करण्याचा आग्रह शिक्षक धरतात काय, ती वही कोणी कधी पाहते काय? काही शिक्षक आठवड्याच्या अखेरीस गृहपाठातीलच एक उदाहरण आकडे बदलून वर्गात कागदावर सोडवायला देतात, पंधरा मिनिटांत. ज्याने स्वतः केले असेल त्याला ते पुरते.

या प्रश्नांची उत्तरे माहितीपत्रकात किंवा पहिल्या तासाला मिळणाऱ्या कागदावर मिळू शकतात. मुलगा अडला तर तो कोणाकडे जाईल, कोणत्या खोलीत, कोणत्या वेळेस, आणि तेथे खरोखर कोणी बसलेले असते काय, एवढे मात्र छापील कागदावरून कळत नाही. त्यासाठी तेथे गेल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याने स्वतः त्या खोलीचे दार उघडून पाहावे, आणि रात्रीच्या फोनवर आई-वडिलांनी गुणांच्या आधी तेच विचारावे.